लेझरआधी व्यायाम शिकवा

महोदय,
खोकताना, शिंकताना, लोकलच्या पुलाचा जिना चढताना लघवी सुटते. बाळंतपणानंतर हे अनेकींच्या वाट्याला येते. आमच्या शेजारच्या वहिनी तर लग्नकार्यालाही जाईनाशा झाल्या. घोडबंदर रोडवरच्या एका क्लिनिकने त्यांना थेट योनीमार्गावरील लेझर उपचाराचे महागडे पॅकेज सांगितले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासलेच नाहीत! अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्येच अशा उपचारांबाबत इशारा दिला आहे: भाजणे, व्रण, दीर्घकाळच्या वेदना. याउलट फिजिओथेरपिस्टकडून केगल व्यायाम (याच स्नायूंना आवळण्या-सैल सोडण्याचे) नीट शिकून तीनेक महिने नेटाने केले, तर बऱ्याच जणींना फरक पडतो. ठाणे पालिकेच्या प्रसूतिगृहांत आणि कळवा रुग्णालयात बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वीच ते शिकवावेत. तिने लाजत विचारण्याची वाट पाहू नये.

– एक वाचक, मानपाडा, ठाणे