सापा ट्रेक: निघायच्या आधी सगळ्यांनी वाचा

मंडळी, निघायला दहाच दिवस राहिलेत आणि अजून चौघांची व्हिएतनामच्या ई-व्हिसाची कॉपी आलेली नाही, प्लीज आज रात्रीपर्यंत पाठवा, प्रिंटपण जवळ ठेवा.

हनोईहून सापा बसने साधारण सहा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी गाइडताई हॉटेलवरच येतील, मग मुओंग होआ खोऱ्यातून लाओ चाय करत ता वान, मुक्काम तिथेच गावातल्या घरी. तिकडे भाताचं पीक वर्षातून एकदाच निघतं, म्हणून तर सप्टेंबर धरलाय, डोंगर पिवळा झालेला असतो.

आता महत्त्वाचं. वाट बऱ्याच ठिकाणी खाचराच्या बांधावरूनच जाते, जेमतेम एक पाऊल मावेल एवढी, एका बाजूला पिकलेला भात आणि दुसरीकडे थेट खालचं खाचर. मावळ-कोकणातल्यांना सांगायला नको, बांध ढासळला की त्या घराचं नुकसान. एकामागे एक चाला, फोटोसाठी भातात अजिबात उतरू नका. पाऊस झाला तर चिखल फार, ग्रिपवाले बूटच आणा.

ह्मोंग या तिथल्या डोंगरी जमातीच्या बायका वाटेत सोबत चालतात, कापड रंगवून हात अगदी मनगटापर्यंत निळे झालेले असतात, त्यांच्याकडून जरूर काहीतरी घ्या. लहान मुलांकडून मात्र नको, विक्री झाली की शाळा बुडते त्यांची.

व्हेजवाल्यांनी उद्यापर्यंत नाव कळवा, होमस्टेला आधी सांगावं लागतं. रात्री गारवा असतो, एक स्वेटर ठेवाच.