जिन्याखालचं इंजिन : भुसावळकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

भुसावळच्या माणसाला रेल्वे इंजिनाचं कौतुक ते काय! पण दिवाणखान्याच्या भिंतीतल्या फायरप्लेसमधून इंजिन बाहेर येताना कुणी पाहिलंय? बेल्जियमचे चित्रकार रने माग्रित यांनी ते १९३८ साली रंगवलं. खाली रूळ नाहीत, इंजिन अधांतरी, धूर मात्र शिस्तीत धुराड्याकडे चाललेला. वरच्या फळीवर एक घड्याळ आणि दोन मेणबत्तीदाण्या. मागच्या आरशात नीट बघा, मेणबत्तीदाणी एकच दिसते.

एडवर्ड जेम्स या इंग्रज रसिकासाठी काढलेलं हे चित्र जिन्याच्या पायथ्याशी लागावं, पाहुण्यांच्या थेट अंगावर गाडी यावी, अशी माग्रित यांची फार इच्छा होती. जेम्स यांनी ते लावलं फायरप्लेसच्या वर! मूळ चित्र आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आपल्या वाचनालयात फायरप्लेस नाही (इथल्या उन्हाळ्यात हवीय कुणाला?), पण कुरकुरणारा लाकडी जिना आहे. आपल्या प्रदर्शनात या चित्राची छापील प्रत तिथेच लावायची, असं ठरलंय.

डिसेंबरात आठ दिवस वरच्या हॉलमध्ये माग्रित यांच्या १२ चित्रांच्या छापील प्रती मांडू. तंबाखू ओढायच्या पाइपचं चित्र काढून खाली ‘हा पाइप नव्हे’ असं लिहिलेलं १९२९ चं चित्र असेल. ‘गोलकोंडा’ही असेल; हैदराबादजवळच्या किल्ल्याचं नाव, आणि चित्रात हॅटवाल्या माणसांचा पाऊस. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे टेबलटॉप फोटो (टेबलावर वस्तू मांडून खरंखुरं दृश्य भासवणारे) ज्यांनी पाहिलेत, त्यांना असली नजरबंदी नवी नाही. शाळकरी मुलांनी घरातली एखादी वस्तू काढून तिला भलतंच नाव द्यायचं, असाही एक कोपरा ठेवलाय. परवा एका मुलीनं केळीचा घड काढला आणि खाली लिहिलं, ‘संध्याकाळची पॅसेंजर’.

आता पैशांचं. माग्रित १९६७ मध्ये गेले. आपल्या कायद्यानं चित्रांचे हक्क त्यापुढे ६० वर्षं, म्हणजे २०२७ अखेरपर्यंत राहतात. “नेटवरून उतरवा, कोण बघतंय?” असं दोघातिघांनी सुचवलं. पुस्तकांची झेरॉक्स काढू नका अशी पाटी लावणाऱ्या वाचनालयाला ते शोभायचं नाही. परवानगी, छपाई, फ्रेम धरून एका चित्रामागे साधारण ४,००० रुपये, एकूण ४८,०००. वाचनालयानं १५,००० बाजूला काढलेत. उरलेले ३३,००० आपल्याकडून हवेत. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल. आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ‘आधी गळकं छत बघा’ म्हणणाऱ्यांचंही खरं आहे, पण त्याचा निधी वेगळा आहे आणि त्याला हात लावणार नाही.

देणगी रोज संध्याकाळी ५ ते ८ वाचनालयात स्वीकारू. आठ दिवस थांबून मुलांना चित्रं दाखवतील असे चारपाच जणही हवेत. कॉलेजची मुलं आली तर उत्तमच.

शिवाय काही वस्तू उसन्या हव्यात, जिन्याखाली मांडायला. टेबलावरचं जुनं घड्याळ, रेल्वेतून निवृत्त झालेल्या कुणी जपून ठेवलेला हातकंदील, आणि पितळी मेणबत्तीदाणी. जोडीतली एक हरवली असेल तरी चालेल.