प्रमाणित स्वरूपाची सुरुवात खतावणीपासून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरअखेर कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आटोपतात आणि त्यानंतर तीस दिवसांत वित्तीय विवरणपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल करण्याची धावपळ सुरू होते. सूचिबद्ध कंपन्या व त्यांच्या भारतीय उपकंपन्या, 5 कोटी रुपये वा अधिक भरणा भांडवल किंवा 100 कोटी रुपये वा अधिक उलाढाल असलेल्या कंपन्या, तसेच 'इंड एएस' ही आंतरराष्ट्रीय मानकांशी मिळतीजुळती भारतीय लेखामानके लागू असलेल्या कंपन्या यांना, बँका आणि विमा कंपन्यांसारखे अपवाद सोडले तर, ही पत्रे 'एक्सबीआरएल' या संगणकाला वाचता येणाऱ्या प्रमाणित स्वरूपातच द्यावी लागतात. 2011 मध्ये आपल्याकडे ही सक्ती आली. इतक्या वर्षांनंतरही या व्यवस्थेचा मूळ हेतू अर्धाच साधला आहे, असे लेखाकामाशी रोजचा संबंध असल्याने मला वाटते.

अमेरिकेतील लेखापाल चार्ल्स हॉफमन यांनी 1998 मध्ये या स्वरूपाचा पाया घातला. ताळेबंदातील प्रत्येक आकड्याला तो कशाचा आहे, कोणत्या कालावधीचा आहे आणि कोणत्या चलनातला आहे हे सांगणारी ठरावीक खूण, म्हणजे टॅग, लावला की तो आकडा कोणत्याही संगणकाला पुन्हा टंकित न करता वाचता यावा, ही त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात आपल्याकडे काय घडते? वर्षभराचे हिशेब लेखा सॉफ्टवेअरमध्ये असतात. वर्षअखेरीस तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी, एक्सेलमध्ये काढली जाते, ताळेबंदाचा नमुना ठरवणाऱ्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे खात्यांची गटवारी तिथेच हाताने होते, लेखापरीक्षकांच्या सह्या होतात आणि त्यानंतर ते कागद टॅग लावून घेण्यासाठी अनेकदा बाहेरच्या संस्थेकडे जातात. जिने हे हिशेब कधी पाहिलेले नाहीत अशी व्यक्ती कोणता खर्च कोणत्या टॅगखाली जावा हे ठरवते. लाखांत दिलेले आकडे रुपयांत समजले जाणे किंवा वजाबाकीचे चिन्ह उलटे पडणे या चुका अशाच वाटेने येतात. मंत्रालयाची पडताळणी प्रणाली बेरजा आणि अनिवार्य रकाने तपासू शकते, परंतु दुरुस्तीचा खर्च चुकून अन्य खर्चाच्या टॅगखाली गेला असेल आणि बेरीज जुळत असेल तर ती चूक तिला दिसण्याचा मार्ग नाही.

टॅग नोंदीच्या उगमापाशी, म्हणजे खाते उघडतानाच लागला, तर यातला बराच भाग टळेल. पुरवठादारांच्या देण्यांचे उदाहरण घ्यावे. सूक्ष्म व लघु उद्योगांची थकबाकी ताळेबंदात वेगळी दाखवावी लागते. 1 एप्रिल 2021 पासून ती एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन वर्षांची आणि त्याहून जुनी अशी विभागून द्यावी लागते. पंचेचाळीस दिवसांपेक्षा जुनी देणी 'एमएसएमई-1' या सहामाही विवरणात एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर कळवावी लागतात. कर लेखापरीक्षण अहवालात याच विषयाची माहिती पुन्हा भरावी लागते, आणि आयकर कायद्यानुसार मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावटही ती प्रत्यक्ष चुकती केलेल्या वर्षीच मिळते. इतक्या ठिकाणी लागणारी माहिती मुळात तीनच गोष्टींतून निघते: पुरवठादाराच्या उद्यम नोंदणीचा (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) तपशील, बिल स्वीकारल्याची तारीख आणि रक्कम चुकती केल्याची तारीख. या तीन गोष्टी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकाच नावाने व एकाच रचनेत साठवल्या गेल्या, तर चारही ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळतील आणि लहान पुरवठादाराची थकबाकी खरोखर किती आहे हे तपासणेही सोपे होईल. आज तीच यादी प्रत्येक वेळी नव्याने तयार होते, आणि दोन यादींत फरक आढळला की खुलासे सुरू होतात.

हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्या देशातच आहे. वस्तू व सेवा कराच्या ई-इन्व्हॉइससाठी बीजकाची एक ठरावीक रचना व्यापारी संघटना आणि सनदी लेखापाल संस्थेशी विचारविनिमय करून निश्चित झाली व सर्वांसाठी खुली प्रसिद्ध झाली. 1 ऑक्टोबर 2020 पासून 500 कोटींवरील उलाढालीच्या व्यवसायांना ती लागू झाली आणि टप्प्याटप्प्याने 1 ऑगस्ट 2023 पर्यंत 5 कोटींपर्यंत खाली आली. सॉफ्टवेअर निर्मात्यांनी आपापल्या प्रणालीत तिची सोय करून दिली. सॉफ्टवेअरमध्ये बदल करायला लावण्याची ताकद शासनाकडे आहे हे कंपन्यांच्या बाबतीतही दिसले: 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक फेरफाराची बंद न करता येणारी नोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर त्यांना वापरावे लागते. मात्र खतावणी, म्हणजे खातेवार नोंदींची वही, कोणत्या रचनेत बाहेर काढता यावी, याविषयी त्या नियमात काही नाही.

परदेशांत याचा विचार बराच आधी झाला. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने 2005 मध्ये लेखा सॉफ्टवेअरमधून खतावणी बाहेर काढण्यासाठी 'सॅफ-टी' हे प्रमाणित स्वरूप सुचवले. पोर्तुगालने 2008 पासून आणि नॉर्वेने 2020 पासून ते आपल्या गरजेप्रमाणे अमलात आणले. तिथे त्याचा भर करतपासणीवर आहे, आणि इथेच मी सावध राहू इच्छितो. संपूर्ण खतावणी दरमहा शासनाकडे पाठवण्याची सक्ती मला मान्य नाही. व्यापाऱ्याचे ग्राहक, दर आणि सवलती हा त्याचा खाजगी ऐवज आहे. माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक सॉफ्टवेअरला एका खुल्या, ठरलेल्या रचनेत संपूर्ण हिशेब बाहेर देता यावेत आणि ते कोणाला द्यायचे हे, कायद्याने मागितलेला भाग सोडून, हिशेबाच्या मालकाने ठरवावे. सॉफ्टवेअर बदलताना आज अनेक लहान व्यावसायिक केवळ आरंभीच्या शिलका नव्या प्रणालीत नेतात आणि जुन्या नोंदी पाहण्यासाठी जुने सॉफ्टवेअर राखून ठेवतात. कर्जासाठी बँकेला ठरावीक तक्त्यांत लागणारी आर्थिक माहिती, म्हणजे 'सीएमए', हीदेखील त्याच ताळेबंदावरून पुन्हा हाताने भरली जाते. या दोन्ही अडचणी अशा स्वरूपाने कमी होतील.

व्यवसाय वेगवेगळे असल्याने एकच खातेयादी सर्वांना बसणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी खात्यांची नावे बदलण्याची गरज नाही. कापड व्यापाऱ्याने आपले खाते हव्या त्या नावाने उघडावे, फक्त ते तिसऱ्या परिशिष्टातील कोणत्या शीर्षाखाली जाते हे खाते उघडतानाच नोंदवावे. कंपनी व्यवहार मंत्रालय आणि सनदी लेखापाल संस्था यांनी ही रचना सॉफ्टवेअर निर्मात्यांना सोबत घेऊन तयार करावी, तिचा मसुदा मराठीसह भारतीय भाषांतील मार्गदर्शिकेसह लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवावा, आणि सर्व खाती एकदम हाती न घेता वर उल्लेखलेल्या पुरवठादारांच्या देण्यांपासून, पुढील आर्थिक वर्षात ऐच्छिक स्वरूपात, सुरुवात करावी.

आपला,
एक लेखा व्यावसायिक, सांगली