कुलूप घेताना वजन नको, आतली रचना पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडीच्या बातमीत 'बनावट चावीने कुलूप उघडले' एवढ्यावर विषय संपतो. वाचक धास्तावतो आणि दुकानातले सगळ्यात जड कुलूप घेऊन येतो. वजनाचा उपयोग कुलूप तोडणाऱ्यापुढे होतो. न तोडता उघडणाऱ्याला अडवते ती आतली रचना.

दाराच्या लॅचमध्ये आणि पुष्कळशा कुलपांत पाच-सहा पिनांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीवर एक स्प्रिंग. चावी घातली की सगळ्या जोड्यांमधली फट फिरत्या सिलिंडरच्या कडेशी येते आणि सिलिंडर फिरतो. पण पिनांची भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत. त्यामुळे सिलिंडरला हलका पीळ दिला की आधी एकच पिन अडकते. ती उचलली की सिलिंडर केसभर सरकतो, वरची पिन कडेवर टेकून राहते आणि पुढची अडकते. चावीविना पिना उचलणारी हत्यारे याच उणिवेवर चालतात.

लोकांचे लक्ष आकड्याकडे, म्हणजे पिना उचलणाऱ्या वाकड्या टोकाच्या हत्याराकडे जाते, पण खरे काम सिलिंडरला पीळ देणारी, काटकोनात वाकवलेली पट्टी, म्हणजे टेन्शन रेंच करते. पीळ जास्त झाला तर पिना घट्ट आवळतात, खालची पिन सिलिंडरच्या कडेच्या वर जाऊन बसते आणि सगळे सोडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा आकडा एकेक पिन उचलतो. रेक, म्हणजे नागमोडी टोकाची पट्टी, आतबाहेर घासून अनेक पिना एकदम हलवते. पिनांची उंची जवळपास सारखी असेल तर ती लवकर लागू पडते; खोल खाचेशेजारी उथळ खाच असेल तिथे बहुधा अडते. म्हणून विकत घेण्याआधी चावी निरखून पाहा. दाते जवळपास एकाच उंचीचे असतील तर ते कुलूप परत ठेवा.

बंप चावीच्या सगळ्या खाचा सर्वांत खोल मापाच्या असतात. तिला ठोका बसला की वरच्या पिना क्षणभर उडतात आणि त्याच क्षणी सिलिंडर फिरवला जातो. मधे बारीक असलेल्या, रिळासारख्या पिना आकड्याचे काम अवघड करतात: सिलिंडर थोडा फिरून थांबतो, उघडल्याचा भास होतो, आणि पुढे जायला पीळ सैल करून तो मागे येऊ द्यावा लागतो. दुकानात अशा पिना आहेत का, हे जरूर विचारा.

कडीच्या कुलपाला पिनांना हातही न लावता उघडता येते. पातळ पत्र्याची पट्टी कडीलगत सारली की स्प्रिंगचा खटका मागे सरतो. कडी दोन्ही बाजूंनी पोलादी गोळ्यांनी अडकत असेल तर ही पट्टी चालत नाही. माझ्या मते कडीच्या कुलपात पहिली चौकशी याचीच करावी.

लिव्हरच्या कुलपात पिना नसतात, चावीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या असतात; तिथे वेगळ्या वाकड्या तारा लागतात. १८५१ मध्ये लंडनमध्ये हॉब्स या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचे नावाजलेले लिव्हर कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. ब्रामा कंपनीच्या कुलपाला त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. दोन्ही अभेद्य मानली जात. फरक किती मोठा होता, ते जाहीरपणे उघडल्यावरच कळले. ही माहिती दडवून ग्राहकाचे काहीच भले होत नाही.

चोरीनंतर एक चूक हमखास होते: कुलूप चालते का ते पाहायला घरचे लोक चावी पुन्हापुन्हा फिरवतात, तेल सोडतात. आकड्याचे ताजे, चकाकते ओरखडे पिनांवर राहतात आणि तज्ज्ञाला ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. चावीच्या घासण्याने ते पुसट होतात. तपासणी होईपर्यंत कुलपात काहीही घालू नये.

आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीत कुलूप पिनांचे होते की लिव्हरचे, तोडले की उघडले, आणि कडी कशी अडकत होती, एवढे तरी द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक कुलूप-कारागीर