अस्वलांबाबत सूचना : ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या सर्व सभासदांसाठी

मंडळी, बोरं पिकलीत, अस्वलं बांधापर्यंत येताहेत. परवा आमच्या गोठ्यामागचं वारूळ हातभर उकरलेलं दिसलं, कडेला नखांचे लांब ओरखडे.

खरकटं अंगणात टाकू नका. गूळ, पेंड, तेलाचे डबे रात्री घरात घ्या. देवळातलं दिव्याचं तेल आणि नारळाचे तुकडेसुद्धा रात्री उचलून ठेवा, वासावर अस्वल लांबून येतं.

पहाटे पाणी द्यायला एकट्याने जाऊ नका. बॅटरी, काठी घ्या, मोठ्याने बोलत चला. अस्वलाची नजर कमजोर. अचानक समोर माणूस आला की घाबरून अंगावर येतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी दिसली तर मोबाईल काढू नका, हळूहळू मागे सरका. दगड मारणं, कुत्री सोडणं तर नकोच.

गावात शिरलं तर वनविभागाला १९२६ वर लगेच कळवा.