उभं करून घेतलेल्या त्या बीपीबद्दल

डॉक्टर,

हे पत्र वाचून तुम्ही अवघडणार, कारण तुमच्या लेखी तुम्ही विशेष काही केलेलं नाही. एका बाईंचं बीपी आधी आडवं झोपवून घेतलंत, मग उभं करून घेतलंत, संपलं. पण आठ महिन्यांत एवढं करणारे तुम्ही पहिलेच. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय.

आईची तक्रार एका शब्दाची होती. चक्कर. आपल्या भाषेतला हा शब्द भलता फसवा. खोली गरगर फिरते ती चक्कर, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, आणि चालताना तोल जातो तीही चक्करच. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा कानात असतं, दुसरीचं रक्तदाबात किंवा हृदयाच्या ठोक्यांत, तिसरीचं पायांत, मज्जातंतूंत, कधी मेंदूत. तुमच्या आधी ज्यांनी ज्यांनी हा शब्द ऐकला त्यांचा पेन लगेच कागदावर टेकला. तुम्ही विचारलंत, "गरगरतं, की अंधारी येते?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं तर तुम्ही हात वर करून मला गप्प केलंत. आई म्हणाली, "अंधारी. पलंगावरून उठले की येते. बसून राहिले तर काही नाही." निम्मं निदान तिथेच झालं होतं, फक्त इतके दिवस तिला कुणी बोलू दिलं नव्हतं.

मग ते बीपी. तुम्ही तिला पाच मिनिटं नुसतं पडू दिलंत. बाहेरच्या बाकावरची चुळबुळ आत ऐकू येत होती, तरीही पाच म्हणजे पाच. बाही वर सारून भागवलं नाहीत, हात बाहेर काढायला लावलात, कारण वर सारलेली घट्ट बाही दंडाला आवळते. दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, तोही मोठा काढलात. जाड दंडाला लहान कफ गुंडाळला की आकडा खोटा चढतो, हे पुस्तकात सगळेच वाचतात, पण खणातून दुसरा कफ काढायला उठतो कोण? आडवी असताना आकडा आला १३८/७८, नाडी ७४. उभी राहिल्यावर एका मिनिटाने ११२/६६. तिसऱ्या मिनिटाला १०८/६४ आणि नाडी ९६. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तरी तो दोष धरतात. इथे ३० आणि १४ उतरले होते. नाडी मात्र पळाली, म्हणजे मज्जातंतू आपलं काम करत होते, शरीरातलं पाणीच कमी पडत होतं.

त्या तीन मिनिटांत तुमचा डावा तळवा तिच्या कोपराखाली होता. पकडून नव्हे, नुसता खाली धरलेला. हात लोंबता राहिला तर आकडा जास्त येतो आणि उतरलेलं बीपी झाकलं जातं, म्हणून तो हृदयाच्या उंचीला टेकवून ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तुम्ही त्याच साठी धरला असेल. पण मागे खुर्ची लावून ठेवलेली, तुम्ही यंत्राकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघताय, आणि ती, जी महिनाभर घरात कुणाचा हात धरायला तयार नव्हती, त्या तळव्यावर भार टाकून उभी. डॉक्टर, मला या पत्रात आभार मानायचेत ते खरं तर या एवढ्याचेच. बाकीचं तुमच्या विद्येचं आहे.

विद्येचंही सांगते, कारण इतरांच्या उपयोगाचं आहे.

तुम्ही सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्यात. "डब्यातल्या, उशीखालच्या, अर्ध्या राहिलेल्या, सगळ्या." नऊ स्ट्रिप निघाल्या. तुम्ही त्या आजाराप्रमाणे नाही लावल्यात, सुरू झालेल्या तारखेप्रमाणे ओळीत मांडल्यात. आणि टेबलावर अख्खी साखळी दिसायला लागली.

पहिली ॲम्लोडिपिन, बीपीची गोळी. ५ मिलिग्रॅमची १० झाली ती एकाच वेळच्या १६४ या आकड्यावर. तो आकडा कसा घेतला होता? दोन जिने चढून आल्या आल्या, जाड बाहीवरून, आणि कफ फुगत असताना "काय होतंय" हे विचारत. जिना चढल्यावर, बोलताना, लघवी तुंबलेली असताना, पायावर पाय टाकून बसल्यावर बीपी जास्तच येणार. १० वर काही आठवड्यांत घोटे सुजले. ॲम्लोडिपिनने बारीक धमन्या सैलावतात, पुढच्या केशवाहिन्यांवर दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्यात साठतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतंच. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती सूज फारशी हटत नाही, डोस कमी केला किंवा औषध बदललं की हटते. पण सूज दिसली आणि फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीचीच गोळी, आली. सूज राहिली तशीच, रक्तातलं पाणी मात्र गेलं. उठलं की अंधारी यायला लागली. तिला नाव पडलं चक्कर, आणि आली प्रोक्लोरपेराझिन, चक्कर-मळमळीवरची गोळी, दिवसातून तीनदा.

ही गोळी पाच दिवसांसाठी लिहिलेली होती. आई ती चार महिने घेत होती. का, तर जुना कागद दाखवला की काउंटरवरून स्ट्रिप मिळते. मी स्वतः फार्मासिस्ट आहे, तेव्हा ही टोचणी आधी माझ्याच धंद्याला. म्हाताऱ्या माणसात ही गोळी उभ्याचं बीपी आणखी पाडते आणि लांबली तर पार्किन्सनसारखी लक्षणं आणते: हात थरथरतात, पाऊल घासतं, चेहरा थिजतो, अक्षर मुंगीएवढं होतं. चक्करेवरचीच दुसरी गोळी, सिनारिझिन, तीही याच वाटेची. आईला ते सगळं झालं. मग थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल. त्या गोळीने तोंड कोरडं, पोट साफ होईना, आणि विसरायला व्हायला लागलं. मग पोटासाठी एक, आणि स्मरणशक्तीसाठी एक. एका बाहीवरून घेतलेल्या बीपीपासून विस्मरणाच्या गोळीपर्यंत आठ महिने, सहा स्ट्रिप. उरलेल्या तीन मधुमेहाची, कॅल्शियमची आणि आम्लपित्ताची, त्यांचा यात दोष नाही.

तुम्ही आधीच्या कुणाबद्दल वावगा शब्द काढला नाहीत. "प्रत्येकाने आपल्या समोरचा एकच कागद पाहिला," इतकंच म्हणालात. तुमचा मोठेपणा तुमच्यापाशी. मला तेवढा नाही. ज्यांनी तिच्या मेंदूचा स्कॅन करायला सांगितला आणि तिच्या गोळ्यांची पिशवी उघडायला सांगितली नाही, त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो राहणार. "वय झालं की होतं असं," हे वाक्य आम्ही तीन ठिकाणी ऐकलं. त्यातल्या एकानेही तिच्याकडे बघून ते म्हटलं नाही, माझ्याकडे बघून म्हटलं.

गोळ्या कमी करतानाही तुम्ही घाई केली नाहीत, आणि हे मुद्दाम लिहिते, नाहीतर हे वाचून कुणी रात्रीतून घरचा डबा रिकामा करायचं. लघवीची गोळी थांबवण्याआधी तुम्ही नडगीवर अंगठा दाबून खड्डा किती पडतो पाहिलात, मानेची शीर पाहिलीत, पाठीला स्टेथो लावून फुफ्फुसाच्या तळाशी चरचर आहे का ऐकलंत, झोपताना उशा किती लागतात विचारलंत, लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घेतलंत. हृदय दमलेल्या माणसाची हीच गोळी थांबवली तर फुफ्फुसात पाणी भरायचं. सगळं स्वच्छ निघाल्यावरच फ्युरोसेमाइड बंद, ॲम्लोडिपिन परत ५ वर. प्रोक्लोरपेराझिन बंद. ट्रायहेक्सिफेनिडिल मात्र एकदम न तोडता हळूहळू उतरवत नेलीत. एका वेळी एकच बदल, मध्ये दिवस जाऊ द्यायचे, म्हणजे काय कशाने झालं ते कळतं. आणि आईला उठायची रीत शिकवलीत: आधी पाय खाली सोडून बसायचं, घोटे वीस-पंचवीस वेळा वरखाली, मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर पलंगाला धरून दहा आकडे मोजल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ती मोठ्याने मोजते. सगळ्या घराला कळतं ती उठली ते.

आता हालहवाल. घोट्यांची सूज तीन आठवड्यांत उतरली. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा घेतलेल्या बीपीची सरासरी १३२/७६, आणि उभ्याने १२४ च्या खाली एकदाही नाही. थरथर जायला महिने लागू शकतात असं तुम्ही आधीच बजावलं होतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसला नाही तेव्हा आम्ही धीर सोडला नाही. दहाव्या आठवड्यात डावा हात शांत झाला. उजवा अजून कप धरताना किंचित हलतो.

पहिल्या दिवशी तुम्ही तिला कोऱ्या कागदावर नाव लिहायला सांगितलं होतंत, आठवतं? पहिलं अक्षर जेमतेम वाचता येत होतं, आडनावापर्यंत नुसती रेघ. तो कागद तुम्ही तारीख घालून फाइलला लावलात. नऊच्या चार गोळ्या झाल्यात, त्यांची नवी यादी या पत्राला जोडलीय: नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि प्रत्येकीसमोर ती कशासाठी घ्यायची ते, तुम्ही सांगितलं होतं तसंच. यादी मी लिहिलेली नाही. तिने लिहिलीय, रेघा सोडून, मोठ्या अक्षरात. तेवढी त्या जुन्या कागदाच्या शेजारी लावा.

तुमच्या पेशंटची मुलगी