पाहुणे आकाशातून येतात तेव्हा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसलो. लेकीला परग्रहवासीयांचे जुने सिनेमे दाखवायचे आहेत, सुरुवात कशापासून करू, असं तू विचारलं आहेस. आपण ज्या सिनेमांवर रात्र रात्र भांडलो ते आता ती पाहणार, याचाच मला केवढा आनंद झालाय!

माझं उत्तर पक्कं आहे. १९५१ चा ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’. कृष्णधवल आहे म्हणून ती कुरकुरेल, पण पहिली दहा मिनिटं तिला उठू देऊ नकोस. भर दिवसा वॉशिंग्टनमध्ये तबकडी उतरते. भोवती रणगाडे, बंदुका, बघ्यांची गर्दी. तिच्यातून क्लाटू नावाचा परग्रहवासी बाहेर येतो, मैत्रीसाठी आलोय म्हणतो आणि एक वस्तू पुढे धरतो. ती उघडते न उघडते तोच एक घाबरलेला सैनिक गोळी झाडतो. वस्तू मोडते. ती भेट होती, राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली. तिच्यातून इतर ग्रहांवरचं जीवन अभ्यासता आलं असतं. घरी आलेल्या पाहुण्याचं आपण काय करतो, हे दिग्दर्शक रॉबर्ट वाइजनं त्या एका प्रसंगात सांगून टाकलंय. मला हे सिनेमे आवडतात ते यासाठीच. पाहुणा कुठल्या ग्रहावरचा आहे यापेक्षा दार उघडणारा कसा आहे, याकडे माझं लक्ष असतं.

पुढे क्लाटू साध्या माणसासारखा एका घरात भाड्यानं राहतो, तिथल्या छोट्या बॉबीचं बोट धरून शहर बघतो, लिंकनच्या स्मारकापाशी भिंतीवर कोरलेले शब्द वाचून थबकतो. जगाला आपली ताकद दाखवायची वेळ येते तेव्हा अर्धा तास सगळीकडची वीज बंद पाडतो, पण रुग्णालयं आणि उडती विमानं वगळून. किती जपून केलंय बघ! शेवटचं भाषण मात्र मला अजूनही खटकतं. शांततेनं राहा, नाहीतर पृथ्वी भस्म होईल, हा उपदेश म्हणायचा की धमकी? यावर तिचं मत जरूर विचार.

आणि आवाज थोडा मोठा ठेव. संगीतकार बर्नार्ड हरमननं त्यात दोन थेरेमिन वापरलेत. त्या वाद्याला हात लावायचाच नसतो. हवेत एका हातानं सूर वरखाली करायचा आणि दुसऱ्यानं आवाज कमीजास्त. माणसाच्या गळ्यासारखा, तरी माणसाचा नसलेला तो सूर ऐकला की माझ्या अंगावर आजही काटा येतो.

तुझा जीव ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’वर, हे ठाऊक आहे मला. १९५३ च्या मानानं ती मंगळवासीयांची यंत्रं खरोखर देखणी आहेत, नागाच्या फण्यासारखी मान उंचावणारी. पांढरं निशाण घेऊन गेलेली तीन माणसं क्षणात राख होतात. अणुबाँबही फुकट जातो आणि अखेर जिवाणू त्यांचा घात करतात. थरार आहेच. पण तिथं बोलणं संपलेलं असतं, उरतं ते फक्त पळणं. म्हणून तो दुसरा दाखव, पहिला नको. ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ तर एवढ्यात नकोच. आपलीच माणसं आपली न उरणं ही भीती दहाव्या वर्षी कशाला?

त्याच १९५३ मध्ये आलेला जॅक आर्नल्डचा ‘इट केम फ्रॉम आउटर स्पेस’ फार लोक पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. अॅरिझोनाच्या वाळवंटात यान कोसळलंय, आतल्यांना ते दुरुस्त करून फक्त निघून जायचंय. आपलं रूप माणसांना सोसणार नाही हे जाणून ते माणसांची रूपं घेतात. गावकरी हत्यारं घेऊन येतात, तेव्हा नायक ते असलेल्या खाणीचं तोंड बंद करून त्यांना वेळ मिळवून देतो. कल्पना लेखक रे ब्रॅडबरीची होती, आणि तिच्यातला समंजसपणा जागोजाग दिसतो.

मग १९७७ चा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. याच्याबद्दल लिहायला लागलो की माझा हात थांबत नाही. गोळीऐवजी पाच सूर! वैज्ञानिक सूर वाजवतात, दिवे लावतात, आणि परग्रहवासीयांचं प्रचंड यान खर्जात उत्तर देतं. आधी अडखळत, मग दोघांची जुगलबंदीच जुंपते. समोरच्याची भाषा येत नसताना आधी त्याचं ऐकायचं, हे त्या प्रसंगात जितकं सुंदर दिसतं तितकं मला दुसऱ्या कुठल्याच सिनेमात दिसलं नाही. शेवटी वैज्ञानिकाच्या भूमिकेतला त्रुफो हातांच्या खुणांनी तेच सूर दाखवतो आणि तो लहानखुरा पाहुणा तशाच खुणा करून हसतो. भारतातला प्रसंग आठवतो ना? शेकडो माणसं तेच सूर गात असतात. हे कुठून आलं, असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं एकदम आकाशाकडे जातात. पडद्यावर ती उत्तर भारतातली धरमशाला आहे, चित्रीकरण मात्र खालापूरजवळच्या हाळ गावातलं.

‘ई.टी.’ तिला तू आधीच दाखवला असशील. पुन्हा बघताना कॅमेऱ्याची उंची बघायला सांग. आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे बराच वेळ दिसतच नाहीत, नुसते पाय, कंबर, किल्ल्यांचा जुडगा. दिग्दर्शक स्पीलबर्गनं चित्रीकरणही साधारण कथेच्या क्रमानं केलं, त्यामुळे निरोपाच्या वेळी मुलं खरंच रडवेली झाली होती.

एक हळहळ मात्र उरते. सत्यजित राय यांनी १९६२ मध्ये ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा लिहिली आणि १९६७ मध्ये हॉलिवूडसाठी ‘द एलियन’ची पटकथा. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं, गावकऱ्यांना ते वर आलेलं देऊळ वाटतं आणि ते हात जोडतात. बंदुकीऐवजी जोडलेले हात! तो सिनेमा झालाच नाही. झाला असता तर मी तुला तोच सर्वांत आधी दाखवायला सांगितला असता.

तर आधी क्लाटू, मग तुझे मंगळवासी, मग वाळवंटातलं यान आणि सुट्टीत निवांतपणे ते पाच सूर. क्लाटूवर गोळी झाडली तेव्हा ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत मला कळव.

तुझाच,
जुना मित्र